व्हॉट्सॲपवर आलेला शासन निर्णय किंवा शाळेच्या सुट्टीचा आदेश बातमीत घेण्याआधी कसा तपासायचा?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याहून बातम्या पाठवता, एकाच आदेशाचा फोटो तीन-चार जणांकडून येतो आणि डेस्कवरून ‘लगेच पाठव’ असा फोन येतो.

आधी त्या तीन-चार जणांचंच बघू. मुख्याध्यापकांनी पाठवला, नगरसेवकाने पाठवला, दुसऱ्या पेपरच्या वार्ताहरानेही पाठवला, म्हणून तीन स्रोत झाले असं नाही. तिघांना तो एकाच ग्रुपवरून आला असेल तर स्रोत एकच, आणि तोही निनावी. प्रत्येकाला विचारा, ‘तुमच्याकडे कुठून आला?’ शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या मेलवर आला असं सांगणारा एकटा माणूस ‘सगळीकडे फिरतोय’ म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा कामाचा.

पावसाळ्यात सर्वांत जास्त फसवतो तो सुट्टीचा आदेश. बहुतेक वेळा तो पूर्ण बनावट नसतो. गेल्या वर्षीचा असतो, शेजारच्या जिल्ह्याचा असतो किंवा वरचा भाग कापलेला असतो. तारीख त्यात तीन-चार जागी येते: जावक क्रमांकाजवळ (कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्राच्या नोंदीचा क्रमांक), विषयात, मजकुरात, कधी सहीखाली. बदलणारा यातली एखादी विसरतो, आणि वार तर हमखास विसरतो. समजा, मूळ आदेशात ‘गुरुवार, दि. २५ जुलै २०२४’ आहे. शेवटच्या ४ चा ५ केला की तारीख ताजी दिसते, पण २५ जुलै २०२५ ला शुक्रवार होता. फोटो मोठा करून बदललेल्या अंकाची जाडी आणि ओळीतली उंची शेजारच्या अंकांशी ताडून बघा.

मग व्याप्ती. जिल्हाधिकारी असा आदेश साधारणपणे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली काढतात. तो कधी अख्ख्या जिल्ह्याला लागू असतो, कधी दोनच तालुक्यांना. कधी बारावीपर्यंत, कधी महाविद्यालयांसकट. ‘जिल्ह्यात सुट्टी’ असा मथळा देण्याआधी ही ओळ शब्दशः वाचा. चुका इथेच जास्त होतात, आणि त्याही खऱ्या आदेशावरून.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, तपासणं तुलनेने सोपं. त्याच्या शेवटी ‘संकेतांक’ म्हणून १८ अंकी आकडा असतो. तो शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ पीडीएफ मिळायला हवी. पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात. निर्णयावरची तारीख आणि हे अंक यांत एक-दोन दिवसांचा फरक असू शकतो, तेवढ्यावरून बनावट ठरवू नका. दोन वर्षांचा फरक असेल तर मात्र थांबा. तळाशी ‘पृष्ठ ४ पैकी १’ असं दिसत असेल तर उरलेली तीन पानं मागा. अटी आणि अपवाद सहसा तिथेच असतात. मूळ सापडल्यावरही काम संपत नाही. नंतर शुद्धिपत्रक निघालं आहे का, पुढच्या एखाद्या निर्णयाने हा अधिक्रमित केला आहे का, म्हणजे त्याची जागा घेतली आहे का, हे त्याच विभागाच्या यादीत बघा. मंत्रिमंडळाने मान्यता दिली एवढ्यावर ‘योजना लागू’ लिहू नका. जीआर निघायचा असतो.

फोटोतली सही पुरावा नाही. डिजिटल सही मूळ पीडीएफमध्येच तपासता येते, स्क्रीनशॉटमध्ये उरतं ते निव्वळ चित्र. पीडीएफमध्ये सहीजवळ पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका, प्रमाणपत्र तुमच्या संगणकाच्या विश्वासू यादीत नसल्यानेही ते येतं.

आता फोन. जिल्हा माहिती अधिकारी, निवासी उपजिल्हाधिकारी किंवा आपत्ती नियंत्रण कक्ष (१०७७). ‘साहेब, तो आदेश खरा आहे ना?’ असं विचारू नका. साहेबांनीही तो ग्रुपवरच पाहिलेला असतो आणि ते ‘हो, बघितलाय’ म्हणतात. तुम्ही त्याला दुजोरा समजता. त्याऐवजी विचारा: ‘उद्याच्या सुट्टीचा आदेश तुमच्या कार्यालयातून निघाला का? जावक क्रमांक काय? कोणते तालुके?’ क्रमांक त्यांच्या तोंडून येऊ द्या, तुम्ही वाचून दाखवू नका. बोलणाऱ्याचं पद आणि वेळ वहीत टिपा. रात्री साडेनऊला ‘नाही’ असलेलं उत्तर अकराला ‘हो’ होऊ शकतं.

फोन लागला नाही तर बातमी थांबवा. खोटी ‘सुट्टी’ छापली तर मुलांची एक दिवसाची शाळा बुडते; खोटी ‘सुट्टी रद्द’ छापली तर मुलं पुराच्या पाण्यातून बंद शाळेच्या फाटकापर्यंत जातात. म्हणून रद्दच्या बातमीला मी दुप्पट कडक राहीन. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ लिहूनही सुटका नाही. जावक क्रमांक असलेल्या कागदाला सूत्रं कसली?

दुजोरा मिळाला नाही म्हणून ‘व्हायरल आदेश बनावट’ असंही लगेच लिहू नका. तो बनावट आहे असं त्या कार्यालयाने सांगायला हवं, आणि कोणी सांगितलं ते बातमीत यायला हवं. चुकीचं गेलंच तर लिंक गुपचूप काढू नका. ज्या ग्रुपवर ती टाकली होती त्याच ग्रुपवर, काय चुकलं होतं ते लिहून दुरुस्ती टाका, कारण आधीचा स्क्रीनशॉट तोवर पुढे गेलेला असतो.