नागपुरात भरती असलेल्या पेशंटला दोनच दिवसांत दुसऱ्या वॉर्डात का हलवतात? प्रकृती बिघडली असेल का?

बहुतेकदा नाही, आणखी किती दिवस राहावं लागेल याचा अंदाज आला की हलवतात. मी वॉर्डात नर्स आहे, हे रोजचंच. मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीजवळचा (तातडीच्या विभागाजवळचा) वॉर्ड साधारण 24 ते 72 तासांसाठी असतो. तेवढ्यात तपासण्या होतात, काहींना सुट्टी मिळते, बाकीचे मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोगच्या वॉर्डात जातात. नाहीतर खुब्याचं फ्रॅक्चर आठवडाभर तिथंच, आणि रात्री आलेल्याला खाट नाही. मेयो-मेडिकलसारख्या सरकारी दवाखान्यांत ज्या युनिटच्या (डॉक्टरांच्या टीमच्या) दिवशी भरती झाली, सहसा तेच डॉक्टर पुढेही बघतात. मात्र आयसीयूत नेलं असेल तर गोष्ट वेगळी. हलवण्याचं कारण राउंडला निवासी डॉक्टरांनाच विचारा, वॉर्डबॉयला नको.