रात्री दोनच्या भटकंतीबद्दल

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. रात्रभर नेटवर भटकलीस, एक ओळ लिहून झाली नाही, आणि आता स्वतःचीच लाज वाटतेय म्हणे. लाज कसली गं? मन जड झालं की माणूस खिडकीशी जाऊन बसतोच, ही पण तसलीच खिडकी.

माझे वाईट दिवस नासाच्या रोजच्या खगोलचित्राने काढलेत. १९९५ पासून रोज एक फोटो आणि खाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेली थोडीशी माहिती, बस. बघायचं आणि झोपायचं, त्यातून काही "सुचलं" पाहिजे असं अजिबात नाही.

पण एक विचारू? काल तू भटकत होतीस की तुला कोणी फिरवत होतं? न संपणारं स्क्रोल आझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये बनवलं आणि पुढे त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पान संपलं की बोट थांबतं आणि बोट थांबलं की डोकं सुरू होतं ना, ती थांबायची जागाच गेली. फीडमध्ये मला आजवर काही सापडलेलं नाही, नुसते डोळे दुखलेत.

त्यापेक्षा एकाच गोष्टीत घुस. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम चित्रं मोठ्या साइझमध्ये फुकट बघू देतं, तिथे व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र उघड आणि झूम करत मागच्या भिंतीवर जा, तिथे एक खिळा आहे, रिकामा, आणि त्याची बारीकशी सावली. मी त्या खिळ्यावर तास घालवला, इथे आधी काय टांगलेलं असेल म्हणून, आणि त्यातून अख्खी कथा निघाली, तिच्यात पोपटाचा पिंजरा होता. नंतर २०२२ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की व्हर्मीरने त्या भिंतीवर आधी भांडी अडकवायची फळी रंगवायला घेतली होती आणि मग रंगाखाली झाकून टाकली! म्हणजे भिंत रिकामी ठेवायची हे त्याने मागून ठरवलं. पिंजरा चुकला माझा, असू दे.

आणि स्क्रीनशॉट नको काढूस, माझ्याकडे ढिगाने पडलेत, एकही परत उघडलेला नाही. जे आवडलं ते वहीत हाताने लिही, अक्षर कसंही येऊ दे.

बाकी त्या खगोलचित्रांचे जुने सगळे दिवस साइटवर आहेत. तुझ्या जन्माच्या दिवशी कुठला फोटो होता ते बघ आणि मला कळव.

तुझी,
ताई