कोंबडीला दात नाहीत, मग ती ज्वारी दळते कुठं?

तुम्ही विचारलं की कोंबडीला दात नसताना ती कडक दाणे पचवते कशी, आणि तुमच्या कोंबड्या खडे गिळतात ते थांबवायचं का. नका थांबवू भाऊ, ते खडेच तिचे दात आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात आमचं वावराला लागूनच घर आहे, आजीच्या काळापासून गावरान कोंबड्या आहेत अन् घरी कोंबडी कापली की पोटा साफ करायचं काम लहानपणापासून माझ्याकडेच. पोटा म्हणजे कलेजीसोबत भेटतो तो, काही लोक पेटा म्हणतात. दाबून पाहा, किती टणक लागतो, सगळा मांसाचा गोळा. सुरीनं उघडला की आत ज्वारीचा ओला भरडा, तुरीची टरफलं, एखाद्या किड्याचा पाय आणि चमचाभर खडे. एकदा त्यातून हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला, मी भीत भीत उचलला तर धार नावालाही नव्हती, कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत. नंतर वाचण्यात आलं की १८व्या शतकात इटलीच्या स्पॅलान्झानी नावाच्या शास्त्रज्ञानं टर्की पक्ष्यांना मुद्दाम काचा खाऊ घालून हेच पाहिलं होतं, काचा घासून बोथट झाल्या अन् पोट्याला इजा नाही. कारण आतून पिवळी जाड साल असते, आपण नखानं सोलून फेकतो ना, तीच.

आता दाण्याचा रस्ता सांगतो. चावणं नाहीच, सरळ गिळणं. पहिले दाणा जातो गळ्याखालच्या पिशवीत, तिथं तो भिजून नरम होतो. ही पिशवी फार कामाची, कारण उघड्यावर रमतगमत खात बसलं तर वरून शिकरा झडप घालणार, म्हणून ती भराभर पिशवी भरते अन् मग सावलीत बसून निवांत पचवते. तिथून माल थोडा थोडा पुढच्या लहान जठरात जातो, तिथं आम्ल आणि पाचक रस मिसळतात, आणि मग पोटा. तो मिनिटाला दोन-तीनदा आवळतो, खड्यांमध्ये दाणा भरडला जातो, अन् नीट नाही भरडला तर माल मागं जठरात जाऊन परत येतो. जात्यात परत घास टाकल्यासारखं.

खडेही झिजतात, म्हणून तिला नवीन लागतात. मोकळी फिरणारी स्वतःच वेचते, पण तुम्ही सिमेंटच्या खोलीत बंद ठेवून अख्खी ज्वारी-मका देत असाल तर बारीक खडी ठेवाच. शिंपल्याचा चुरा त्याच्या जागी चालत नाही, तो अंड्याच्या कवचासाठी चांगला पण आम्लात विरघळून जातो. नुसतं दळलेलं खाद्य देत असाल तर खडीची एवढी गरज नाही.

सगळ्याच पक्ष्यांचं असं नसतं. आमच्या कडुनिंबावरचा पिंगळा उंदीर गिळतो, मांस पचवतो आणि केस-हाडं गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतो, झाडाखाली ते राखाडी गोळे पडलेले दिसतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहत जा. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात गेली की गळ्याखाली, जरा उजव्या बाजूला हात लावा, पिशवी भरलेली लागेल. सकाळी दाणे टाकायच्या आधी परत लावा, रिकामी पाहिजे. माझी एक काळी तलंग होती, दोन दिवस सुस्त, सकाळीही पिशवी चेंडूसारखी गच्च, मी म्हटलं खाल्लं असेल जास्त. तिसऱ्या दिवशी मेली. उघडून पाहिलं तर पोत्याची प्लास्टिक सुतळी अन् वाळलं गवत यांचा गुंता अडकलेला, खाली काहीच उतरलं नव्हतं, पोट्यात नुसते खडे. तेव्हापासून पोतं उसवलं की सुतळीचा एकेक तुकडा मी अंगणातून वेचून घेतो.