इंदूरला आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता होतोय. काम चांगलं चाललंय की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखावं?

सगळ्यात आधी पाणी किती दिवस मारतात ते पाहा. ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला 10 दिवस ओल हवी. माळव्यातल्या मे महिन्यात त्याहून जास्त. सकाळ-संध्याकाळ टँकरने शिंपडून भागत नाही. गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवावं, नाहीतर मातीचे वाफे करून पाणी साठवावं. इथल्या रामबागेत आमच्या दारापुढे याआधी रस्ता झाला, तेव्हा चौथ्याच दिवशी गोणपाट उचललं. पावसाळ्याआधीच रस्त्यावर बोट घासलं की पांढरी भुकटी निघायची. फार वाईट वाटतं, पैसा आपलाच असतो हो.

मिक्सरवाला माल सरकवायला सोपा जावा म्हणून पाइपने अंदाजे पाणी सोडत असेल, तर तिथल्या तिथे बोला. जास्त पाण्याने काँक्रीटची ताकद जाते.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. त्यामुळे खालचा मुरूम रोलरने नीट दाबलाय का, हे ओतण्याआधीच बघावं लागतं. नंतर काही दिसत नाही.

शिवाय ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे 15 सेंटीमीटरचे ठोकळे भरून घेतात, त्यांच्या 28 दिवसांनंतरच्या चाचणीचा रिपोर्ट उपयंत्रीकडे (सब-इंजिनियरकडे) मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका.