आधी खाडी, मग घर

प्रश्न : वय ६१, नुकताच निवृत्त झालो. कॉलेजात एनसीसीत शिडाची होडी चालवली, तेवढाच अनुभव. सिंधुदुर्गात राहायला जाऊन सोळा फुटी होडीने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं मनात आहे. मालवण बरं की विजयदुर्ग? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : समुद्र दिसणारं घर शोधत बसू नका, होडी कुठे राहील ते आधी ठरवा. मालवण बाजारहाटाला सोयीचं, पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. तिथला माणूस सोबत नसताना ओहोटीला त्यांच्यात शिरणं म्हणजे होडीचा तळ फोडून घेणं. शिवाय तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळावर नांगर टाकता येत नाही. तुमच्या अनुभवाला विजयदुर्ग जास्त मानवेल. किल्ल्याच्या आतल्या अंगाला आडोसा आहे आणि बाहेर वारा चढला तर वाघोटण खाडीत सराव होतो. दवाखान्याचं अंतर मात्र मोजून ठेवा.

पहिलं वर्ष भाड्याच्या घरात काढा, मधला पावसाळा धरून. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही आणि किनाऱ्यालगतच्या जागेला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात, हे दलाल सहसा शेवटी सांगतो.

होडी फायबरची, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी, होडीला आडवं सरकू न देणारी फळी) वर उचलता येणारी घ्या. बोर्ड वर घेतल्यावर तिला वीतभर पाणी पुरतं आणि ओहोटीला ती चिखलात सरळ बसते; खाली पक्की कील, म्हणजे न उचलता येणारा कणा, असलेली होडी आडवी होते. मोठ्या शिडाला रीफच्या (वारा वाढला की शीड गुंडाळून लहान करायच्या दोऱ्यांच्या) दोन ओळी हव्यात. मागे शिडी हवीच. साठीनंतर पाण्यातून काठावर नुसत्या हातांच्या जोरावर चढणं जमत नाही, हे शांत पाण्यात एकदा करून पाहा. नोंदणी आणि परवान्यासाठी होडीचे पैसे देण्याआधीच महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर अधिकाऱ्यांना भेटा.

नांगराचा दोर किती? समजा ओहोटीला तीन मीटर पाणी, त्यावर दोन मीटर भरती, होडीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची अर्धा मीटर, झाले साडेपाच. त्याच्या पाचपट, म्हणजे साधारण अठ्ठावीस मीटर, त्यात पहिले पाच मीटर साखळी. ओहोटीची खोली धरून दोर सोडला की भरतीला नांगर सुटतो.

प्रश्न : फेब्रुवारीत दुपारी शिडाच्या होडीने विजयदुर्गहून देवगडला मजेत पोचलो, पण लगेच परत निघालो तर अंधार पडला. चुकलं काय? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : वेळ चुकली. हिवाळा-उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दहा-अकराला पडतो. मग समुद्रावरचा खारा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपार कलेल तसा वायव्येला सरकतो. दक्षिणेला, म्हणजे देवगडकडे, जाताना तो पाठीशी, परतताना नाकासमोर. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. नागमोडी जाताना दहा मैलांचे चौदा होतात, वर समोरची लाट वेग खाते. म्हणून सकाळी मतलईवर उत्तरेला जा आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने परत या. देवगडच गाठायचं असेल तर मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. अंधारात जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) दिसत नाहीत. कित्येक बोये म्हणजे नुसत्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात आणि त्यांचा दोर इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला की इंजिन बंद.

छोट्या खाड्यांत शिरताना तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावतं, खाऱ्या वाऱ्याची लाट आत येते. दोन्ही भिडले की लाट उभी राहून फुटते. तिथे होडी आडवी झाली की उलटलीच. भरतीच्या शेवटच्या तास-दीड तासात आत या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब मुंबईकडचा. दक्षिणेला भरती थोडी लवकर येते, तेव्हा जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टकच पाहा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाण्याचा जोर जास्त, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) कमी.

प्रश्न : पावसाळ्यानंतर होडीच्या मागे बाहेरून लावायचं आऊटबोर्ड इंजिन सुरूच होत नाही. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : टाकीत पेट्रोल राहिलं असणार. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी शोषतं, मग ते पाणी इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं आणि कार्ब्युरेटर चोंदतो. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटर साफ करून घ्या. पुढल्या वर्षी मेअखेर, मासेमारी बंदी लागायच्या आत, होडी वर ओढाल तेव्हा इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. शीड धुऊन, वाळवून घरात टांगा. खोपीत उंदीर कुरतडतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण आणतोय. चालेल? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आणू देऊ नका. भारतात त्याला दूरसंचार खात्याची परवानगी लागते; विनापरवाना सापडलं तर जप्ती आणि गुन्हा. त्याऐवजी परवान्यासह व्हीएचएफ (होडीवरचा बिनतारी संच) घ्या, संकटात चॅनल १६. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. फोन जलरोधक पिशवीत, आणि पिशवी होडीला नव्हे, अंगावरच्या लाइफजॅकेटला बांधलेली.