सीताफळाची बाग, जुनी गोल्फ कार्ट आणि मधला डांबरी रस्ता

प्रश्न : मी पुरंदर तालुक्यात सीताफळ आणि अंजीर करतो. गेल्या वर्षी भंगारवाल्याकडून एका रिसॉर्टची जुनी, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट ४२ हजारांना घेतली. सहाही बॅटऱ्या बसल्या होत्या, त्या बदलल्या. ब्रेक शू नवे टाकले, मागची सीट काढून गावातल्या वेल्डरकडून लोखंडी हौदा बसवून घेतला. सगळं एक लाखाच्या आत बसलं. क्रेट, शेणखत, ठिबकच्या नळ्या, चाऱ्याचे भारे, सगळं तिच्यावरच जातं. माझे दोन गट आहेत आणि मधून जिल्हा परिषदेचा डांबरी रस्ता जातो. दिवसातून तीन-चार वेळा तो ओलांडावा लागतो. गेल्या आठवड्यात पोलिसांनी तिथेच अडवलं. नंबर प्लेट नाही, आरसी नाही, विमा नाही म्हणून गाडी ठाण्यात नेऊन लावली. विकणारा तर म्हणाला होता की बॅटरीच्या गाडीला पासिंग लागत नाही. माझ्याकडे चारचाकीचं लायसन्स आहे. खरेदीची म्हणून भंगारवाल्याच्या हातची साधी चिठ्ठी आहे. सोळा वर्षांचा पुतण्याही कधीमधी चालवतो. ऐन सीताफळाचा तोडा तोंडावर आला आहे. गाडी परत मिळेल का? आरटीओत नोंद करून घेता येईल का?

उत्तर : दादा, गाडी परत मिळण्याची शक्यता चांगली आहे. नोंद मात्र होणार नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण नोंदणीच्या मागे धावण्यात तुमचा तोड्याचा हंगाम जाईल आणि गाडी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात पडून राहील.

आधी गाडी सोडवण्याचं बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०७ खाली विनानोंदणी गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. कागदपत्रं दाखवून परिवहन अधिकाऱ्याकडून ती सोडवून घेण्याची सोय त्याच कलमात आहे, पण तुमच्याकडे दाखवायला आरसीच नाही. म्हणून तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय सांगेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, गाडी मिळावी असा अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली तो करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं ४५१ आणि ४५७ होती, आणि ठाण्यातली माणसं अजून त्याच आकड्यांनी बोलतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्यात कुजत ठेवू नयेत. पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावं आणि गाडी मालकाला द्यावी. अर्जात या निकालाचा उल्लेख करायला तुमच्या वकिलांना सांगा. बॅटरीच्या गाडीसाठी आणखी एक ओळ टाका : चार्जिंगविना पडून राहिल्या तर लेड-ॲसिड बॅटऱ्या कायमच्या निकामी होतात, आणि या गाडीत सगळ्यात महाग भाग तोच आहे. हे खरं आहे आणि न्यायालयाला पटण्यासारखं आहे.

अर्जात लिहा की ही गाडी यापुढे सार्वजनिक रस्त्यावर चालवणार नाही, आणि ठाण्यातून शेतापर्यंतही ट्रॉलीत घालून नेईन. लिहिलं ते पाळा. हमी मोडून गाडी दुसऱ्यांदा पकडली गेली, तर तिसरी संधी द्यायला कोणी तयार होणार नाही.

दंडाचं म्हणाल तर, विनानोंदणी गाडी चालवण्याला कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. विमा नसण्याला कलम १९६ खाली दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी आकडे वाढतात आणि विनानोंदणीलाही वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लायसन्स तुमच्याकडे आहे, त्यामुळे विनालायसन्स चालवण्याचं कलम तुम्हाला लागत नाही. माझं मत विचाराल, तर त्या दिवसाचा दंड भरून तो विषय मिटवा. ‘रस्त्यावर गेलोच नव्हतो’ असं खोटं लेखी देऊ नका. तुम्ही पत्रात खरं लिहिलंय, तसंच न्यायालयातही सांगा.

आता विकणाऱ्याच्या त्या वाक्याकडे येतो, कारण असं सांगून गाड्या विकल्या जातात आणि भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. बॅटरीच्या गाडीला नोंदणीतून सूट आहे, पण ती २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या सायकलवजा दुचाकीला. गोल्फ कार्टची मोटर काही किलोवॉटची असते, चाकं चार असतात. गोंधळाचं दुसरं मूळ ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. तिने बॅटरीवरच्या वाहनांची नोंदणी फी माफ केली. फी माफ झाली, नोंदणी माफ झाली नाही.

मग तुमची कार्ट कायद्याच्या नजरेत आहे तरी काय? कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे : रस्त्यावर वापरण्याजोगं, यंत्राच्या जोरावर चालणारं वाहन. त्याच व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन वगळलं आहे. गोल्फ कार्ट मुळात मैदानासाठी आणि रिसॉर्टच्या आवारासाठी बनते, म्हणून तुमची सगळी मदार या अपवादावर आहे. तो हातचा गेला तर काय होतं तेही सांगतो. कलम ३९ मध्ये विनानोंदणी वाहन ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवायला मनाई आहे. म्हणजे कार्ट एकदा मोटार वाहन ठरली की स्वतःच्या शेतातही प्रश्न उभा राहतो.

खाणीतल्या डंपरांवरून हा वाद फार जुना आहे. बोलानी ओअर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो हाताळला. अलीकडे, २०२५ मध्ये, ताराचंद लॉजिस्टिकच्या प्रकरणात विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंद आवारातच फिरणाऱ्या वाहनांवर वाहन कर लागत नाही, असं त्याच न्यायालयाने ठरवलं. हे दोन्ही निकाल मुख्यतः कराचे आहेत. ते दाखवून रस्त्यावर चालण्याचा हक्क मागता येणार नाही.

त्या कारखान्याला भिंत होती, फाटक होतं, आत कोणी यावं यावर पहारा होता. तुमच्या बागेला काय आहे? नुसता बांध असेल तर ‘बंदिस्त आवार’ म्हणताना तुमच्या वकिलाचा आवाज थोडा खाली येईल. तारेचं कुंपण आणि दोन्ही गटांना एकेक फाटक करून घ्या. बागेतून गावकऱ्यांची वहिवाटीची वाट जात असेल, तर त्या वाटेवर कार्ट नेऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणात १९८८ मध्येच ठरवलं आहे की जागा खासगी मालकीची असली तरी लोकांना तिथे येण्याजाण्याची मुभा असेल, मग ती मोकळी असो की मर्यादित, ती सार्वजनिक जागाच. सातबारा तुमच्या नावावर आहे एवढ्याने वाट खासगी होत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. मेकॅनिक आता सांगतील, इंडिकेटर लावा, आरसे लावा, हॉर्न बसवा, कंट्रोलर बदलून वेग वाढवून देतो, मग कोणी अडवणार नाही. यातलं काही करू नका. तुमचं म्हणणं आहे की ही गाडी आवारातल्या कामाची आहे, आणि ती रस्त्याच्या गाडीसारखी सजवली की तुम्हीच तुमच्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवता. पहाटेच्या तोड्याला उजेड हवा म्हणून पुढे एक दिवा असू द्या. हौद्यामुळेही अडचण नाही, तो शेतीकामाचाच आहे. वेग मात्र आहे तोच राहू द्या. ब्रेक हलक्या पर्यटकांसाठी बनलेत, तुम्ही शेणखत भरता.

नोंदणी का होणार नाही, तेही सांगतो. वाहनाच्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून आधी मान्यता लागते. ती कारखानदार घेतो. वेल्डरकडे हौदा बसवलेल्या एकट्या जुन्या गाडीला ती कोणी देत नाही. ई-कार्टची व्याख्या २०१५ मध्ये कायद्यात आली, पण ती तीनचाकी, जास्तीत जास्त ४००० वॉटची आणि भाड्याने वाहतूक करणारी, तीही ठरलेल्या मापदंडांनुसार बनलेली. तुमची चारचाकी त्यात बसत नाही. कोणी एजंट ‘करून देतो’ म्हणाला आणि दुसऱ्याच गाडीचा नंबर चिकटवला, तर दंडाची बाब बनावट कागदाच्या गुन्ह्यावर जाईल. त्याला दारातूनच परत पाठवा.

राहिला रस्ता. फक्त साठ पावलं ओलांडायची, त्यात काय, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या साठ पावलांत एखादा दुचाकीवाला कार्टला धडकून जायबंदी झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची भरपाई पूर्ण तुमच्या खिशातून जाईल, कारण विमा नाही. ती रक्कम कलम १७४ खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. म्हणजे गोष्ट शेवटी तुमच्या जमिनीवर येते. मला या प्रकरणात खरी भीती याची वाटते, पाच हजारांच्या दंडाची नाही. म्हणून कार्ट एकाच, मोठ्या गटात ठेवा. रस्त्यापलीकडचे क्रेट फाटकापर्यंत आणून नोंदणी आणि विमा असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून किंवा टेम्पोतून अलीकडे आणा. कधी कार्टच पलीकडे न्यायची असेल तर ट्रॉलीत चढवून न्या. कष्ट वाढतील हे मला कळतं.

पुतण्याला आजपासून स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवलं तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्सही मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवता न येणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बागेतसुद्धा नको, कारण आतून बाहेर यायला त्याला एक क्षण पुरतो.

भंगारवाल्याच्या चिठ्ठीवर मी समाधानी नाही. कार्टच्या चेसिसवर एक क्रमांक असतो, बहुतेक सीटखाली किंवा डॅशबोर्डजवळच्या पट्टीवर. तो लिहून घ्या आणि भंगारवाल्याकडून त्या क्रमांकासह रीतसर बिल मागा. त्याने रिसॉर्टकडून कशी घेतली, लिलावाचं पत्र किंवा गेटपास, त्याची प्रतही मागा. माल चोरीचा निघाला तर विकणाऱ्याकडे नसलेली मालकी तुमच्याकडे येत नाही. चोरीचा असल्याची शंका येण्याजोगं कारण असूनही घेतला असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. तुम्ही प्रामाणिकपणे पैसे मोजलेत यात मला शंका नाही. ते कागदावर दिसलं पाहिजे, आणि सुपूर्तनाम्याच्या अर्जावर न्यायालय पहिला प्रश्न मालकीचाच विचारेल.

बागेत मजूर कार्टवर बसून जात असतील तर तेही थांबवा. हौद्यात माल, माणूस नाही. यंत्राच्या किंवा विजेच्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामात मजूर जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही ती होती. त्यासाठी मजुरांचा वेगळा विमा मिळतो, तो घेऊन ठेवा.

कार्ट चार्ज कुठे करता, हे तुम्ही लिहिलं नाही. कृषीपंपाच्या जोडणीवर करत असाल तर बंद करा. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याहून वेगळ्या कामासाठी वापरली तर वीज कायदा, २००३ चं कलम १२६ लागू शकतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. शेतीचंच काम आहे असा बचाव करता येईल, पण काही युनिटांसाठी तो वाद कशाला ओढवून घ्यायचा? घराच्या मीटरवर, हवेशीर पडवीत चार्ज करा, कारण चार्ज होताना या बॅटऱ्या पेट घेणारा वायू सोडतात. काढलेल्या जुन्या सहा बॅटऱ्या गोठ्यामागे पडल्या असतील तर नव्या घेतल्या त्या दुकानातच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या इतर कचऱ्यात टाकता येत नाहीत. तिथून नव्या बॅटऱ्यांच्या बिलाची दुसरी प्रतही मागून घ्या, तुमच्या नावाची आणि तारखेची. ती अर्जासोबत जोडायची आहे.