आमिष सोडायची रिमोट बोट हप्त्यावर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की वर्षाला साधारण १० वेळा गळ टाकायला जाता, मासे तुमच्या फेकीच्या पल्ल्याबाहेर असतात, म्हणून आमिष दूर नेऊन टाकणारी, जीपीएस आणि सोनारवाली (सोनार म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) छोटी रिमोट बोट २४ मासिक हप्त्यांत घ्यायचीय, व्याज १२ टक्के फ्लॅट, आणि अडीअडचणीसाठी बाजूला फक्त दोन महिन्यांचा खर्च आहे. बोट जरूर घ्या, पण या हप्त्यांवर नको.

फ्लॅटमध्ये व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावतात, तुम्ही अर्धं मुद्दल फेडलं तरी ते कमी होत नाही, त्यामुळे १२ चा खरा दर २१-२२ टक्क्यांवर जातो. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. त्यात मध्येच नोकरी गेली तर बाजूला ठेवलेल्या दोन महिन्यांच्या पैशांत काय होणार, मला खरी काळजी त्याचीच वाटते.

आता बोटीचा हिशोब. ५ वर्षं टिकली तर ५० खेपा, म्हणजे किमतीला ५० ने भागा आणि एका खेपेला तेवढे पैसे खिशातून काढून द्याल का ते स्वतःला विचारा. वर बॅटरी धरा. लेड-ॲसिडची स्वस्त असते पण जड, आणि उतरलेली तशीच महिनोन्‌महिने पडून राहिली की खराब होते, वर्षात १० वेळाच वापरणाऱ्याच्या घरी नेमकं हेच होतं. लिथियम महाग पण जास्त टिकते. पाणवनस्पती पंख्यात अडकून मोटर जळण्याचा खर्चही असतो. आणि मुख्य म्हणजे तुम्ही जाता त्या पाण्यावर अशी बोट चालते का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी बंदी असते.

सोनार मला आत्ता गरजेचं वाटत नाही. जीपीएस अंधारात तीच जागा परत गाठायला कामाचं आहे, पण दिवसा समोरच्या काठावरचं झाड धरून साधी बोटही आमिष बरोबर टाकते.

हप्त्याला जी रक्कम काढणार होतात ती दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, आधी चार महिन्यांचा खर्च जमू दे, मग त्याच खात्यात बोटीचे पैसे. सेकंडहॅन्ड मिळाली तर पाण्यात अर्धा तास चालवून बघा, नंतर झाकण उघडून आत ओल आहे का आणि आमिषाचा कप्पा रिमोटने नीट उघडतो का, एवढं बघूनच पैसे द्या.